बी की दाणा

या देशातली सगळी माणसं माझ्या मामेसासऱ्यांइतकी सरळ निघाली असती, तर सरकार आठवड्याभरात बंद पडलं असतं. लबाड माणसांना कसं आवरायचं याचे नियम सरकारजवळ भरपूर असतात; पण जो माणूस न विचारता सगळं खरं सांगून मोकळा होतो, त्याचं काय करायचं हे कुठल्याच टेबलावर कुणाला ठाऊक नसतं. मामा समोर येऊन उभे राहिले की मुरलेले कारकूनसुद्धा हातातलं पेन खाली ठेवत. "मला एक गोष्ट जाहीर करायची आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. लोक निकाल जाहीर करतात, लग्नाची तारीख जाहीर करतात. मामा पिशवीतली मेथी जाहीर करत. दिंडोरीकडे मामींच्या माहेरचा मळा होता. तिथून भाजी आणताना ते नाशिकच्या वेशीवर, जकात नाक्याशी, ट्रकांच्या रांगेत आपली स्कूटर लावत. पुढचे-मागचे ड्रायव्हर हसत. खिडकीपाशी नंबर आला की मामा पिशवी उघडून दाखवत. आतला माणूस वैतागून म्हणे, "काका, भाजीला जकात नाही, किती वेळा सांगू? जा की हो!" त्यावर मामा शांतपणे म्हणत, "मग तसं लिहून द्या." पुढे पुढे ती स्कूटर लांबून दिसली तरी नाक्यावरची माणसं हात हलवून पुढे जायला सांगायची, आणि मामांना तो स्वतःचा अपमान वाटायचा.

ती स्कूटरही त्यांच्या या स्वभावामुळेच त्यांच्याकडे राहिली. एकदा विकायला काढली होती. गिऱ्हाईक आलं, त्याला गाडी पसंतही पडली. तेवढ्यात मामांनी तिच्या आजारपणाचा इतिहास सुरू केला. थंडीत ती कशी रुसते, ब्रेक कुठल्या दिवशी लागत नाही, एकदा त्र्यंबकच्या रस्त्यावर तिचं चाक कसं पुढे निघून गेलं, सगळं. चहा संपायच्या आत गिऱ्हाईक निघून गेलं. मामी आतून म्हणाल्या, "चांगलं झालं. सवत गेली असती तर तुम्हाला करमलं नसतं." माझ्या लग्नातही मामांनी तेच केलं होतं. मी मुलगी बघायला गेलो, पोह्यांच्या बशा फिरल्या, सगळे तोंडभर गुण सांगत होते, आणि कोपऱ्यातून मामा म्हणाले, "मला एक गोष्ट जाहीर करायची आहे. भाची गुणी आहे, पण तापट आहे. मागाहून तक्रार चालायची नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मात्र हसू आलं आणि मी तिथेच होकार दिला. तक्रार करायची सोय मामांनी ठेवली नव्हती, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

अशा या माणसाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं एका नादात घालवली, त्याची ही गोष्ट. मामांना परदेशातून कच्ची कॉफी आणायची होती. न भाजलेली, हिरवट, आणि तीही कायद्याने.

त्याचं मूळ फार मागे होतं. तरुणपणी मामा इथिओपियात मास्तर होते. त्या काळी इकडचे बरेच मास्तर तिकडे जात. नुकतं लग्न झालेल्या मामी, ज्यांनी तोवर दिंडोरी आणि नाशिक यांच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं, एकदम आफ्रिकेतल्या एका डोंगराळ गावात जाऊन पडल्या. मामा शाळेत गेले की दिवसभर बोलायला कुणी नाही. शेजारी एक बाई राहायची. तिचं नाव अल्माझ; मामींनी तिची अलमाबाई करून टाकली. ती रोज अंगणात बसून कच्ची कॉफी धुवायची, निखाऱ्यावर लोखंडी तवा ठेवून भाजायची, आणि धूर निघायला लागला की तवा उचलून बसलेल्या प्रत्येकाच्या नाकाशी न्यायची. मामी मला सांगायच्या, "आपण आरती फिरवतो ना, तसं. तिला माझी भाषा येईना, मला तिची. पण वास आला की मी उठून जायची. मग ती तिचं रडायची, मी माझं रडायची. लय बरं वाटायचं." आम्हा लोकांना परदेशाहून आलेली माणसं इमारती सांगतात, थंडी सांगतात. मामी फक्त तो वास सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा हात आपोआप नाकाशी जायचा.

पुढे तिकडे राजकारण तापलं आणि या दोघांना घाईघाईत निघावं लागलं. निघताना अलमाबाईने मामींच्या हातात एक कापडी पिशवी दिली. तिच्या परसातली कच्ची कॉफी. मामींनी ती पदराखाली धरून मुंबईपर्यंत आणली. विमानतळावर कस्टमच्या माणसाने सवयीने, वरसुद्धा न बघता, विचारलं, "काही जाहीर करायचंय?" कुणीही 'नाही' म्हणून पुढे गेलं असतं. मामा म्हणाले, "हो. हिच्या पदराखाली कच्ची कॉफी आहे." पिशवी गेली. त्या माणसालाही वाईट वाटलं असावं, पण एकदा जाहीर झाल्यावर तो तरी काय करणार? मुंबईहून नाशिकला येताना मामी गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. इगतपुरीला बोलल्या ते एवढंच, "वडे गरम हायेत का बघा." त्यानंतर त्या पिशवीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. हे मला मामांनी स्वतःच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, ती भांडली असती तर बरं झालं असतं हो."

मग दरवर्षी कुणाकडून तरी ते चिकमगळूरची कच्ची कॉफी मागवत. अंगणात शेगडी मांडत, मामींना पाटावर बसवत आणि स्वतः उलथन्याने दाणे हलवत. धूर निघाला की मामींच्या तोंडाकडे टक लावून बघत. "आला का?" मामी डोळे मिटून धूर ओढून घेत आणि प्रामाणिकपणे, नवऱ्याच्याच तालमीत तयार झालेल्या असल्यामुळे, सांगत, "चांगला हाय. पण तो नाय." मामा शेगडी विझवत. कॉफी आम्ही सगळे प्यायचो, उत्तम असायची. मामा एक घोटही घेत नसत.

सगळ्यांनी त्यांना सोपे मार्ग सांगून पाहिले. कुणी म्हणालं, भाजलेली मागवा, तिला फारसं कुणी अडवत नाही. मामा म्हणाले, "भाजलेली आणली तर मग भाजायचं काय?" माझा एक मित्र दुबईला ये-जा करायचा, तो म्हणाला, "मामा, किलोभर ब्यागेत टाकून आणतो, कुत्रं विचारत नाही." मामांनी त्याला चहा पाजला आणि परत येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की खरं बोलल्यामुळे जे गेलं, ते खोटं बोलून परत आणलं, तर त्या दिवशी खरं तरी कशाला बोललो?

म्हणून अर्ज. कच्ची कॉफी आणायची तर आधी आयात परवाना लागतो, ही माहिती त्यांनी काढली आणि स्वतःच्या सुरेख अक्षरात इंग्रजी अर्ज लिहिला. घोटाळा तिथेच झाला. घरात मामी कच्च्या कॉफीला 'कॉफीचं बी' म्हणायच्या. मामांनी त्याचं जसंच्या तसं भाषांतर केलं आणि 'कॉफी सीड्स' मागवायला परवानगी मागितली. सरकारी भाषेत सीड म्हणजे पेरायचं बी. उलट टपाली विचारणा आली: कुठे पेरणार? आता दुसरा कुणीही 'पेरणार नाही, पिणार आहे' असं लिहून सुटला असता. मामांनी रात्रभर विचार केला आणि उत्तर पाठवलं, की पेरण्याचा माझा इरादा नाही. तथापि निवडताना एखादं बी अंगणात सांडून उगवणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. झालं! पेरणीच्या बियाण्याचे सगळे नियम त्यांना लागू झाले. रोपं वेगळ्या, बंदिस्त जागेत लावावीत, अधिकाऱ्याने येऊन तपासेपर्यंत हलवू नयेत, वगैरे. मामांनी परसातला गुलाब काढला, जागा आखली, तारेचं कुंपण घातलं आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी लावली. आत काहीच नव्हतं. मामी धुणं वाळत घालायला गेल्या की मामा म्हणत, "पलीकडून जा." अनेक महिने त्या मोकळ्या चौकोनाची राखण झाली.

अखेर शेतीखात्याचे एक अधिकारी जागा बघायला आले. मूळचे सटाण्याकडचे, रांगडा माणूस. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या बागाईतदारांचे 'फायटो', म्हणजे मालावर कीड-रोग नसल्याचे दाखले, देऊन देऊन त्यांचा हात बसलेला. त्यांनी कुंपणाला एक चक्कर मारली, पाटी वाचली आणि विचारलं, "काका, पेरायचंय का प्यायचंय?"

"प्यायचंय."

"आरं देवा! मंग बी कशाला लिहिलं? पेरलं ते बी, पोटात घातला तो दाणा. दाणा लिहा की!"

मामी दारात उभ्या होत्या. शेतकऱ्याच्या लेकीला हे कळायला पाहिजे होतं, असं त्या नंतर कितीतरी दिवस स्वतःलाच म्हणत होत्या. मामा मात्र खूश होते. त्यांना सरकारच्या या बारीक नजरेचं फार कौतुक वाटलं. "भाजलेला दाणा मेलेला असतो, जावईबापू. त्याला कुणी अडवत नाही. कच्च्यात जीव असतो, म्हणून एवढी चौकशी. बरोबर आहे त्यांचं." इतक्या मनापासून नियमांचं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आज एखाद्या कचेरीच्या रांगेत माझा जीव वैतागतो तेव्हा मला मामांची फार आठवण येते. ते असते तर रांगेतसुद्धा बरं वाटलं असतं.

'दाणा' लिहून अर्ज नव्याने गेला. मग एकेक अट उलगडत गेली. आयातदार म्हणून नोंदणी हवी. परवाना आधी हातात हवा, माल मागाहून निघायला हवा. तिकडच्या सरकारचा फायटो हवा. पोतं नवं हवं, त्यात मातीचा कण नको. बोटीवर चढण्यापूर्वी कीड मारायची धुरी दिल्याचा दाखला हवा. धुरीचं ऐकून मामी म्हणाल्या, "अगं बाई! धुरी तर आम्ही बाळंतिणीला देतो." मामांचा एक जुना विद्यार्थी तिकडे कॉफीच्याच व्यापारात होता. त्याने अलमाबाईला शोधून काढलं. ती होती! म्हातारी झाली होती, पण तिने निरोप पाठवला की दाणे माझ्याच परसातले जातील आणि मीच निवडीन. तो निरोप वाचून दाखवला तेव्हा मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

या सगळ्यात वर्षं गेली. मामींचं हृदय थकलं. जिना चढायचा नाही, लांबचा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या तिकडे जाणं आता शक्य नव्हतं; जे यायचं ते इकडेच यायला हवं होतं, आणि लवकर. मामा पूर्वी कचेरीत जाऊन शांत बसायचे, ते आता बसल्या बसल्या पाय हलवायला लागले.

नाशिकला समुद्र नाही, पण गावाबाहेर कंटेनर उतरवायचं एक कोरडं बंदर होतं. माझ्या कारखान्याच्या यंत्राचे भाग तिथे यायचे, म्हणून आमच्या कस्टमच्या एजंटाला मी गळ घातली आणि इतर मालाबरोबर मामांचं पोतं एकदाचं तिथे येऊन उतरलं. त्या प्रचंड शेडमध्ये, लोखंडी पेट्यांच्या शेजारी, ते एकटं पोतं अगदी पाहुण्यासारखं बसलं होतं. मुंबईहून तपासनीस आले होते. तरुण, नीटनेटका माणूस. मामींना आम्ही गाडीतून नेलं होतं; प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या नवी साडी नेसून बसल्या होत्या. तपासनिसांनी कागद पाहिले, सगळे बिनचूक. पोत्यातून ओंजळभर दाणे काढले, पांढऱ्या कागदावर पसरले, भिंगाखाली एकेक पाहिले. काही नाही. "छान आहे माल," ते म्हणाले आणि शिक्का काढायला बॅगेत हात घातला.

तेवढ्यात मामांना दिसलं. पोत्याच्या शिवणीवरून, तिळाएवढं, काळं काहीतरी चालत होतं. मलाही दिसलं. मी मामांची बाही ओढली. आजही मला वाटतं की मी ओढली ते बरोबरच होतं. मामा थांबले. त्या विमानतळावर त्यांनी मामींना विचारलं नव्हतं. या वेळी त्यांनी वळून मामींकडे पाहिलं आणि बोटाने ती शिवण दाखवली.

मामींनी खुर्चीतून वाकून ती शिवण पाहिली. मग म्हणाल्या, "सांगा त्यांना. कुणाच्या तरी मळ्यात जाईल ते. कीड लागली की काय होतं, मी पाह्यलंय."

"साहेब," मामा म्हणाले, "मला एक गोष्ट जाहीर करायची आहे."

तपासनिसांनी भिंगाखाली ते धरलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. मग पोतं आणखी उकरलं, तर आत अजून किडे निघाले. "काका, साध्या किडीला इथे पुन्हा धुरी देऊन भागतं. हा किडा इकडचा नाही. याला इकडे येऊच द्यायचं नसतं." दोनच मार्ग होते: माल परत पाठवायचा किंवा इथेच जाळून नष्ट करायचा. परत पाठवायला मामा तयार होईनात. जिने म्हातारपणी एकेक दाणा निवडला, तिच्या दारात ते पोतं परत कसं टाकायचं? म्हणून जाळायचं ठरलं. शेडच्या मागे त्यासाठी खड्डा होता. हमालाने पोतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तिकडे नेलं आणि रॉकेलचा डबा आणला.

"थांबा," मामा म्हणाले. "साहेब, नियमात रॉकेल लिहिलंय का?"

तपासनिसांनी कागद काढला. "नाही. 'तुमच्या देखत जाळून पूर्ण नष्ट करावे', एवढंच आहे."

"कशावर जाळावे? किती आचेवर?"

"तसं काही नाही." ते मामांकडे बघत राहिले. मग मामींकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. कागदाची घडी घालत ते म्हणाले, "शेवटी कोळसा झाला पाहिजे, काका. आणि एक दाणा बाहेर जायला नको."

शेजारच्या बागेतून छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या आणल्या. खड्ड्यात त्या पेटवल्या, वर पत्र्याचा एक मोठा तुकडा ठेवला आणि त्यावर मामांनी पोतं रितं केलं. मग फावडं घेऊन ते दाणे हलवायला लागले. हिरवे दाणे पिवळे झाले, पिवळ्याचे तांबूस झाले, तडतडायला लागले, आणि धूर उठला. मामींची खुर्ची आम्ही वारा जिकडे वाहत होता त्या बाजूला ठेवली होती. धूर त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी दोन्ही हातांनी तो तोंडाशी ओढून घेतला, एकदा, दोनदा, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"आला का?" मामांनी खड्ड्याशेजारून ओरडून विचारलं.

"आला!" मामी म्हणाल्या. "आला हो, आला!"

आणि मग त्या एकदम लगबगीने इकडेतिकडे बघायला लागल्या. हमालाला म्हणाल्या, "ये बाबा, बस इथं." एजंटाला बसवलं, माझ्या बायकोला बसवलं, तपासनिसांना हाताने खूण केली. ते ओशाळून म्हणाले, "मावशी, प्यायला तर काहीच नाही."

"बसा हो. तिकडं वास आला की एकट्यानं बसायचं नसतं."

आम्ही सगळे जमिनीवर बसलो. तो वास थोडाच वेळ होता. मग दाणे काळे पडले, करपले, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे कोळसा झाला. एकही दाणा बाहेर गेला नाही.

माझ्या बायकोने मामींना हाताला धरून गाडीत नेलं. मी आणि मामा राखेवर पाणी मारायला थांबलो. मामांचा चेहरा धुराने काळवंडला होता. त्यांनी मागे वळून गाडी लांब आहे याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "जावईबापू, कसा होता हो?"

"काय?"

"वास."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "मामा, तुम्ही तर तिथेच उभे होतात."

"मला नाकाला काही कळत नाही," मामा म्हणाले. "तिकडून आलो त्याच वर्षी मोठा ताप आला होता. तेव्हापासून नाही. भाकरी करपली तरी कळत नाही."

दरवर्षी शेगडीपाशी मामींच्या तोंडाकडे टक लावून बसणारे मामा मला आठवले. मी विचारलं, "मामींना माहीत आहे?"

"नाही. हे एवढं जाहीर केलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हाला येत नाही तर मला एकटीला कशाला? मागणंच सोडलं असतं तिने." त्यांनी बादली खाली ठेवली. "तुम्हीही सांगू नका. पण कसा होता ते मला सांगा."

मी सांगायला लागलो. म्हटलं, आधी ओल्या गवतासारखा होता. मग पत्रा तापला तसा तव्यावरच्या भाकरीसारखा. मामा डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते.

"अहो, चला की!" गाडीतून मामींची हाक आली. आवाज किती दिवसांनी इतका मोकळा होता.

"आलो!" मामांनी ओरडून सांगितलं, आणि माझा दंड धरून घाईघाईने म्हणाले, "भाकरीच्या नंतर? भाकरीच्या नंतर कसा होता?"

आता दोघंही नाहीत, म्हणून हे सांगतो आहे. त्या दिवशी गाडीपर्यंत चालत जाताना मी पुष्कळ प्रयत्न केला, नंतरही कितीदा केला. पण भाकरीच्या नंतर कसा होता, ते मला मामांना कधी नीट सांगता आलं नाही.